नुसतं पित्त

माझ्या पुतण्याचं, रोहिदासचं, लग्न झालं ते साल २०४१. उन्हाळा होता. उजनीचं पाणी फार मागं हटलं होतं आणि मांडव आम्ही धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर घातला होता. हळदीला सवाष्णी उठल्या, त्यांच्यात माझी मुलगी मयूरीही उठली. तेव्हा नवरदेवाची मावशी म्हणाली, "तू बस गं जरा. पहिली हळद लेकुरवाळीच्या हातची असू दे."

बोलली हळूच. पण नेमका त्याच वेळी स्पीकर बंद पडला होता, त्यामुळं अख्ख्या मांडवानं ऐकलं.

मयूरीनं हळदीची वाटी शेजारणीच्या हातात दिली आणि हसत खाली बसली. नंतर पंगतीत ती दिसली नाही. मी शोधत पाण्याकडं गेलो, तर माझ्या होडीच्या काठावर बसली होती. चौतीस वर्षांची बाई, पुण्यात शाळेवर शिक्षिका, लग्नाला नऊ वर्षं झालेली. मला अक्षरं तिनंच शिकवली होती, ती तिसरीत असताना. पाटी तिची आणि बोलणी मला.

मी म्हणालो, "जेवून घे. गार होतंय."

ती म्हणाली, "आप्पा, माझी दोन ठेवलेली आहेत."

"काय ठेवलंय?"

"गर्भ. पुण्याला. गोठवून."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या अंगातून बीजं काढली, जावयांच्या बीजाशी काचेच्या ताटलीत त्यांचा मेळ घातला, पाच दिवस वाढवली. पण औषधांनी तिचं पोट इतकं फुगलं, की डॉक्टर म्हणाले, आत्ता आत ठेवायला नको. म्हणून गोठवून ठेवली, शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश. मग तिची आई, माझी इंदू, आजारी पडली आणि गेली. मग हिला धीर होईना. असं करत ते दोन ठिपक्यांएवढे जीव पाच वर्षं थंडीत पडून होते.

मी जन्मभर मासे विकलेला माणूस. मला तेच सुचलं. "बर्फातला मासा आपण ताजा म्हणून विकतो मया, पण तो ताजा नसतो."

ती एकदम हसली. त्या दिवसात पहिल्यांदा खरं हसली. "आप्पा, मासा मेल्यावर बर्फात जातो. ही जिवंत गेलीत."

"मग बाहेर काढल्यावर हालचाल करतात?"

"नाही. आधी चिमलेली असतात. घटकाभरानं फुगतात. फुगलं की समजायचं, आहे."

तिनं माझ्या सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले आणि म्हणाली, "मला एकदा करून बघायचंय. तुम्ही याल ना माझ्याबरोबर? आई असती तर तुम्हांला म्हटलं नसतं."

---

पुण्याच्या केंद्रात डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. पन्नाशीच्या, सोलापूरकडच्या. बोलताना टेबलावर बोटानं चित्र काढायची सवय. माझ्यासारख्याला कळेल असं त्यांनी सांगितलं, ते मी इथं लिहितो.

बाईच्या अंगात महिन्याला एक बीज सुटतं. ते सुटलं की त्या जागी बोराएवढी एक पिवळी गाठ उरते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ गर्भाशयाचं अस्तर टिकवते, हे जुन्या डॉक्टरांना माहीत होतं. पण तिचं आणखी एक काम उशिरा लक्षात आलं. ती आईच्या रक्ताच्या नळ्या सैल करते. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त निम्म्यानं वाढतं. नळ्या सैल झाल्या नाहीत तर ते मावणार कुठं?

"तुमच्या मुलीचं बीज आपणहून सुटत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून गर्भ ठेवण्याआधी अस्तर आम्ही गोळ्यांनी तयार करतो. गोळ्यांनी अस्तर होतं, पण पिवळी गाठ होत नाही. अशा गरोदरपणात मूल चांगलं वाढतं, उलट जरा वजनदारच निघतं. पण आईचा रक्तदाब वाढायचं भय जास्त. दाब वाढला की सूज, मग फेफरं, मग काहीही."

"मग ठेवूच नका," मी म्हणालो.

मयूरीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

डॉक्टरांनी खणातून एक डबी काढली. आत आगकाडीएवढी पारदर्शक काडी होती. तिचं कागदोपत्री नाव पीतशलाका, पण सगळ्या बायका तिला काडीच म्हणायच्या. ती दंडाच्या कातडीखाली बसवायची. पिवळी गाठ जे पाझरवते ते ती पाझरवते, आणि तेही रक्ताचा कल बघून. दाब चढायला लागला की ती जास्त सोडते, उतरला की हात आखडता घेते. चार वर्षांपासून ती वापरात होती. गोठवलेल्या गर्भाच्या गरोदरपणात दाब चढण्याचं प्रमाण तिच्यामुळं निम्म्याहून खाली आलं होतं.

काडीच्या जोडीला फोनमध्ये एक आवाज होता. त्याचं नाव सोबत. तो रोज सकाळ-संध्याकाळ बाईची चौकशी करायचा, कारण काडीला दाब कळतो, साखर कळते, पण डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं अंधारी येतेय का, हे तिला कसं कळणार? ते बाईनंच सांगायला हवं.

माझे जावई सुयोग घटे बॅटरीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. आकड्यावर त्यांचा जीव. त्यांनी काडीबद्दल इतकं विचारलं की डॉक्टर हसून म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडं नोकरीलाच या."

जुलैत गर्भ ठेवला. दोनांपैकी एक फुगला, दुसरा फुगला नाही. जो फुगला तो रुजला. मयूरीनं फोन केला तेव्हा मी जाळ्यातून चिलापी काढत होतो. मी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिलो आणि शेजारच्या होडीतल्या माणसानं विचारलं, "कोण वारलं का काय, पोपट?" असं माझं तोंड झालं होतं म्हणे.

---

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आमचा रिवाज. पण माहेरी आई नाही. सुयोगराव म्हणाले, "मामा, पुण्यातच राहू दे. सगळं जवळ आहे." मयूरीच अडून बसली. "नऊ वर्षं सगळ्यांच्या मुली माहेरी बाळंतपणाला जाताना बघितल्यात मी. मी जाणार." डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. काडी इथं तशी तिथं, आणि बारामतीचं मोठं हॉस्पिटल आमच्या गावापासून काही लांब नाही.

जानेवारीत ती आली. माझी थोरली बहीण भीमाक्का मदतीला येऊन राहिली. मी खोलीला रंग दिला, मच्छरदाणी आणली. सकाळी मरळ मिळाली की पातळ रस्सा करायचो. पोट चांगलं मोठं दिसत होतं. पाण्यावर रोहित पक्षी उतरले होते. संध्याकाळी मयूरी ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघत पायांना तेल लावून घ्यायची आणि आक्काशी भांडायची.

आक्काचं आणि त्या आवाजाचं वैर पहिल्याच दिवशी जमलं.

"ए बाई, नाव काय तुझं?"

"मी सोबत," आवाज म्हणाला. गोड होता, आपल्याच बाजूचा.

"आडनाव?"

"मला आडनाव नाही."

"घ्या! आडनाव नसलेल्या बाईवर पोर सोपवलीय. बाळंतपणं किती झाली तुझी?"

"माझं एकही नाही. पण मी अडीच लाख गरोदर मातांशी बोलले आहे."

"मी बोलले नाही, पण सहा केली. माझी. आणि गावातली धरून मोजलीच नाहीत."

"मला तुमच्याकडून शिकायला आवडेल," आवाज म्हणाला. आक्का खूष झाली, पण तसं दाखवलं नाही. "शिकवते की. आधी चहा टाकायला शीक," म्हणून ती आत गेली. मयूरी हसता हसता पोट धरून बसली.

तब्येतीचं मात्र ती सोबत फक्त मयूरीशीच बोलायची. तसा कायदाच होता, आणि चांगला होता. पूर्वी बाईला विचारलं की सासू मधेच सांगायची, "तिला काय धाड भरलीय." नवरा सांगायचा, "ती उगाच करते." त्यात काही बायका गेल्या. तेव्हापासून बाईचं दुखणं बाईच्याच तोंडून, तिचाच आवाज ओळखून घ्यायचं, असं ठरलं. दुसऱ्या कुणाचं बोलणं तिथं चालत नसे.

---

पंधरा फेब्रुवारी, शनिवार. सकाळी मयूरीला उलटी झाली. मी बाहेर जाळं विणत होतो, आवाज ऐकून आत गेलो. ती मोरीच्या कट्ट्याला धरून उभी होती.

"काय गं?"

"काही नाही आप्पा. पित्त झालंय."

आता हा शब्द आपल्याकडं कसा आहे, हे मी कुणाला समजावून सांगायला नको. आमच्या घरात डोकं दुखलं तर पित्त. मळमळलं तर पित्त. छातीखाली जळजळलं, जागरण झालं, उपास झाला, एसटी लागली, सगळं पित्त. इंदूला होतं, मयूरीला शाळेपासून होतं. दहावीच्या पेपराला ती लिंबू हुंगत गेली होती. आमच्यात पित्त झालं असं माणूस सांगतो, ते काळजी करू नका असं सांगायचं असतं म्हणून.

सात वाजता आवाजानं विचारलं, "मयूरी, आज कसं वाटतंय?"

"पित्त झालंय गं. उलटी झाली एकदा."

"डोकं खूप दुखतंय का? डोळ्यांपुढं काही चमकतंय का?"

"नाही गं. नेहमीचंच आहे. नुसतं पित्त."

"ठीक आहे. तुझा रक्तदाब अगदी छान आहे. थोडं थोडं खा, थंड दूध घे. संध्याकाळी पुन्हा बोलू."

मी थंड दूध दिलं. तिनं अर्धं प्यायलं. दुपारी ती उजव्या कुशीवर होईना, डाव्या कुशीवर होईना. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली. आक्का म्हणाली, "पाय लागतोय बाळाचा. अंगापिंडानं मोठं आहे, जागा कुठंय त्याला?" तेही खरं वाटलं.

मला मात्र चैन पडेना. मी सुयोगरावांना फोन लावला. त्यांच्याकडंही काडीचे आकडे दिसायचे.

"मामा, मी आत्ताच बघितलं," ते म्हणाले. "दाब एकशे बारा, सत्तर. माझा सुद्धा एवढा चांगला नसतो. सगळं हिरवं आहे."

"तरी बारामतीला दाखवून आणतो."

"तिला विचारा. त्या रस्त्यानं उगाच हादरे बसतील. मी उद्या रात्री येतोच आहे, सोमवारी आपण सगळे जाऊ."

तिला विचारलं. ती चिडली. "आप्पा, पित्तासाठी कुणी हॉस्पिटलात जातं का? डॉक्टर हसतील."

संध्याकाळच्या बोलण्यातही तिनं तेच सांगितलं.

रविवारी सकाळी ती आवाजाला उत्तर देताना शब्द तोडून तोडून बोलली. मला ते जाणवलं. "पित्त... आहे अजून," एवढंच. मग झोपली. तिच्या डोळ्यांच्या कडा मला पिवळसर दिसल्या. मी फोन हातात घेतला, बाहेर आलो.

"ऐक," मी म्हणालो. "तिचे डोळे पिवळे दिसतात. तिला श्वास पुरत नाही. हे पित्त नाही."

"आपला आवाज नोंदलेला नाही," सोबत म्हणाली. "मयूरी यांच्या तब्येतीबद्दल मी मयूरी यांच्याशीच बोलू शकते. तातडीची गरज असल्यास गाडी बोलवू का?"

"बोलव."

"मयूरी यांची संमती घेते." आणि आतल्या खोलीत तिच्या उशाशी दुसरा बारका कर्णा होता, त्यातून तोच आवाज आला, "मयूरी, गाडी पाठवू का?"

मी दारात पोचेपर्यंत माझ्या मुलीनं डोळे न उघडता सांगितलं होतं, "नको गं. आप्पा घाबरतात. नुसतं पित्त आहे."

मी त्या गाडीचा नाद सोडून रोहिदासला जीप घेऊन ये म्हणून सांगितलं. तो भिगवणला होता, निघाला. तो येईपर्यंत मी तिच्यापाशी बसलो. तिनं एकदा डोळे उघडले आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "आप्पा, पाण्यावर दिवे सोडलेत का कुणी?" दुपारचे दोन वाजले होते. पाण्यावर ऊन होतं फक्त. मग तिचे दात आवळले आणि सगळं अंग ताठ झालं.

त्याच क्षणी काडीचे आकडे पहिल्यांदा लाल झाले. फोन ओरडायला लागला, आक्का ओरडायला लागली.

---

बारामतीत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तिला आत नेता नेता विचारलं, "दुखतंय कधीपासून?"

"कालपासून," मी म्हणालो. "पित्त म्हणत होती."

तो चालता चालता थांबला. एवढंसं थांबला. "माझी आईपण असंच म्हणते," असं काहीतरी पुटपुटला आणि धावत आत गेला.

संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. वजन चांगलं, रडली लगेच. मला काचेतून दाखवली. त्याच वेळी मयूरीचं रक्त गोठायचं थांबलं होतं. वरून बाटल्या लावत होते आणि खालून जात होतं. यकृताला सूज येऊन आत रक्त साठलं होतं. बरगडीखाली दुखत होतं ते तेच.

सुयोगराव रात्री पोचले. आल्यावर ते भिंतीला टेकून फोनमध्ये आकडे बघत बसले. मागचे, शनिवारचे, शुक्रवारचे. सगळे हिरवे. मला दाखवायचे, पुन्हा बघायचे. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मला त्यांच्या हातातला फोन काढून घ्यावासा वाटला, पण घेऊन करणार काय? आम्हां दोघांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

सकाळी नर्सनं आम्हांला आत बोलावलं.

---

महिन्याभरानं डॉक्टर मुजावर आमच्या गावी आल्या. एकट्याच, स्वतः गाडी चालवत. सुयोगराव बाळाला घेऊन आमच्याकडंच होते तेव्हा. आक्कानं डॉक्टरांना पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. त्या आपणच खाली सतरंजीवर बसल्या.

"आजार दाबाचा नसतो," त्या म्हणाल्या. "आजार वारेचा असतो. बाळाची वार नीट रुजली नाही की ती आईच्या रक्तात विष सोडते. दाब वाढणं ही त्याची हाक. आमच्या काडीनं दाब खाली धरला. बहुतेक बायकांमध्ये त्यानं आजारच टळतो. थोड्या बायकांमध्ये आजार तसाच चालू राहतो आणि हाक तेवढी बंद होते."

सुयोगराव म्हणाले, "मग राहिलं काय तुमच्याकडं? तिचं सांगणं. तेही त्या आवाजानं उडवून लावलं. थंड दूध प्या म्हणे."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी काही सारवासारव केली नाही. "मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. सोबत शिकते ती बायकांच्या नोंदलेल्या बोलण्यावरून. पित्त झालंय असं हजारो बायकांनी तिला सांगितलं, आणि त्या सगळ्या बऱ्या होत्या. म्हणून तिनं ठरवलं, पित्त म्हणजे काही नाही."

"सगळ्या बऱ्या होत्या?" मी विचारलं. "एकही गेली नाही?"

डॉक्टर मग म्हणाल्या, "गेल्या, काका. पण कायद्यानं ज्या स्वतः, किंवा त्यांच्या मागं घरचे, संमती देतात, त्यांचेच आवाज शिकवायला वापरता येतात. जिवंत बायका आनंदानं देतात. बाळाचे पेढे आणि संमती एकाच दिवशी देतात. ज्या गेल्या, त्यांच्या घरचं कुणी देत नाही. कोण देईल? म्हणून यंत्रानं फक्त बऱ्या झालेल्या बायकांचंच पित्त ऐकलंय. मेलेल्यांचं ऐकलेलंच नाही."

"मग पित्त म्हटलं की गाडी पाठवा," आक्का दारातून म्हणाली. "एवढं सोपं आहे."

"पाठवली, मावशी. मयूरी गेल्यावर आठवडाभर तेच केलं. इतक्या बायकांना पित्त होतं, की गाड्या पुरल्या नाहीत. एकीला खरंच फेफरं आलं होतं, ती घरात वाट बघत राहिली. नशिबानं वाचली. आम्हांला ते थांबवावं लागलं." त्यांनी सतरंजीवर बोटानं एक रेघ ओढली. "शब्द तोच असतो. पण यकृत सुजलेलं असलं की श्वास वर आखडतो. शब्द तुटतो. मयूरीच्या रविवारच्या बोलण्यात तो तुटलाय. माणसाच्या कानाला जेमतेम कळतं. यंत्राला ऐकवलं तर ते ओळखायला शिकेल. असे थोडेसे आवाज मिळाले तरी पुरेल. म्हणून आलेय मी. मला तिचा आवाज हवा आहे."

 बाळ पाळण्यात आवाज करत होतं.

"नाही," सुयोगराव म्हणाले.

"यापुढं माणूस ऐकणार नाही कुणी. फक्त..."

"म्हणूनच नाही. माणसानं ऐकलं असतं तर मी दिलाही असता. त्या यंत्राला ती रोज सकाळी सगळं सांगायची. मला सांगितलं नसेल तेही. लग्नातल्या त्या हळदीबद्दल, आईबद्दल, माझ्याबद्दल. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. ते घेऊन त्यानं काय केलं? आता मेल्यावरही तिनंच त्याला शिकवायचं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जावईबापू, देऊन टाकू या."

"मामा, तुम्ही मध्ये पडू नका."

"माझी मुलगी आहे ती."

"माझी बायको आहे." एवढं बोलून ते रडायला लागले. मी त्यांना तसं रडताना हॉस्पिटलातही पाहिलं नव्हतं.  कायद्यानं तो हक्क त्यांचाच होता. डॉक्टर उठल्या, पाळण्यापाशी जाऊन बाळाला बघितलं, हात लावला नाही, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुयोगराव बाळाला घेऊन पुण्याला गेले. मुलीचं नाव त्यांनी रेवती ठेवलं. मी दर पंधरा दिवसांनी तिला बघायला जायचो. तिला खांद्यावर घेऊन फिरवायचो, आणि फिरवता फिरवता कधी तरी तो विषय काढायचो. पहिल्यांदा ते म्हणाले, "मामा, नको." दुसऱ्यांदा उठून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुम्हांला नातीला भेटायला यायचं असेल तर या. याच्यासाठी येणार असाल तर येऊ नका."

मला त्यांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. त्यांच्या जागी मी असतो, इंदूचा आवाज असता, तर मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. आणि नातीला खांद्यावर घ्यायचं मला सोडवत नव्हतं. मी तो विषय काढायचं बंद केलं. आम्ही कारखान्याचं बोलायचो, माशांच्या भावाचं बोलायचो, रेवतीला दात आले त्याचं बोलायचो.

आक्का मला म्हणाली, "एकदा तरी भांड त्याच्याशी नीट."

"भांडून काय होईल? येणं बंद होईल."

"होऊ दे बंद."

"तू नाही फिरवत तिला खांद्यावर घेऊन," मी म्हणालो. 

डिसेंबरात एका सकाळी डॉक्टर मुजावरांचा फोन आला. मी होडीत होतो. त्यांनी रेवतीची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली. मग म्हणाल्या की आवाज अजून एकाही घरानं दिलेला नाही. मग, मी विचारलं नसताना, एका बाईची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही. मी ती सुयोगरावांच्या कानावर घातली. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "मी विचार करतो, मामा." तो विचार अजून चालू आहे.

माझी मुलगी मयूरी सोमवार, १७ फेब्रुवारी २०४२ रोजी सकाळी बारामतीला वारली. ती चौतीस वर्षांची होती. मोहोळकडची एक बाई, एकोणतीस वर्षांची, दंडात काडी असलेली, गुरुवार, ४ डिसेंबर २०४२ रोजी वारली. बाळही गेलं. आदल्या दिवशी सकाळी कसं वाटतंय असं विचारल्यावर, पित्त झालंय, असं तिनं सांगितलं होतं.